अक्काची खोली, ईशान्य बाजू

आमचं नवं घर निसर्गाशी एकरूप होईल, असं वास्तुविशारदानं लेखी दिलं होतं. ते अक्षरशः खरं झालं. गेल्या ऐप्पसीत आमच्या देवघरात, विठोबा आणि बाळकृष्ण यांच्या बरोबर मधोमध, एक बेडूक बसला होता.

(ऐप्पसी हा तमिळ महिना. दिवाळी त्यात येते आणि आमच्या कुंभकोणचा खरा पाऊसही त्यातच येतो, समुद्रावरून, ईशान्येकडून. एवढं एक वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

दोष कुणाचा हे मी शेवटापर्यंत लपवून ठेवणार नाही. दोष माझा. पण गाढवपणात मी एकटाच होतो असा कुणाचा समज होऊ नये, म्हणून इतरांचीही नावं घेणार आहे.

मी रामचंद्र राव. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर तंजावरला आले. (फौजेत नव्हते, मागून पोथ्या घेऊन आले. पण सांगताना आम्ही 'फौजेबरोबर' एवढंच सांगतो.) तेव्हापासून आम्ही इथे आहोत. बाहेर तमिळ बोलतो, घरात मराठी बोलतो आणि सांबार आमच्याच लोकांनी शोधलं असं येईल त्याला ऐकवतो. घरातली मराठी तीनेकशे वर्षांपूर्वीची आहे. तिकडे महाराष्ट्रात भाषा पुढे गेली, आमची इथेच केळीच्या पानावर जेवत बसली. हे जे मी आता लिहितोय ते मराठी मासिकं मागवून मागवून शिकलेलं आहे, आणि त्याचा मला जो गर्व होता त्यानंच माझं घर बुडवलं.

घर बांधायचं होतं अक्कासाठी. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. लग्नानंतर चार वर्षांतच नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि आमची आई नुकतीच वारली होती. अक्कानं मला न्हाऊ घातलं, जेवू घातलं, पळीनं बडवलं, शाळेत पाठवलं आणि पुढे माझ्यासाठी जानकीला बघायलाही तीच गेली. (मला नेलं नाही. 'तुला काय कळतं?' म्हणाली.) अक्काशिवायचं घर मी कधी पाहिलेलंच नाही, आणि मला ते पाहायचंही नव्हतं.

आम्ही राहत होतो ते भाड्याचं घर बाजारामागे, वरच्या मजल्यावर, डोक्यावर उघडा स्लॅब. चित्तिरै महिन्यात, म्हणजे भर उन्हाळ्यात, जानकी पापड घरातच पलंगाखाली वाळवायची. अक्का दुपारी ओला टॉवेल अंगावर टाकून फरशीवर पडून राहायची, आणि झोप येत नाही म्हणून सगळ्या जगाचा उद्धार करायची. अखेर एका दुपारी तिनं टॉवेल पिळून बादलीत टाकला आणि जाहीर केलं.

"रामू, सुंदरचा फोन आला होता. मद्रासला ये मणतो. त्याच्या फ्लॅटात एसी आहे."

सुंदर हा तिच्या दिराचा मुलगा. चेन्नईत नवव्या मजल्यावर राहतो.

"अक्का, तुला एसीनं गुडघे धरतात!"

"एथे डोकं धरतं. मला दुपारी दोन तास झोप होणा. एसी नक्को, फॅनचा गरम वारा नक्को. अशी खोली तू देतोस तर मी राहते. न्हाय तर सुंदरबरोबर जाते."

(आमच्या मराठीत 'होणा' म्हणजे हवं.) सुदैवानं (तेव्हा मी सुदैवानंच म्हटलं!) नाच्चियार्कोविलच्या रस्त्याला आमची एक जागा होती, तिन्ही बाजूंना भातशेती. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की अक्काला एसीशिवाय झोप लागेल असं घर बांधेन.

"मारिमुत्तूला बोलवा," जानकी म्हणाली.

मारिमुत्तू कोत्तनार, म्हणजे आमच्याकडचा गवंडी. राहणार तिरुनीलक्कुडी. आठवीत तो माझा विद्यार्थी होता, आणि अभ्यासात यथातथाच होता. पुढे त्यानं अर्ध्या कुंभकोणची घरं बांधली, पण मास्तरच्या लेखी तो यथातथाच राहिला.

"मारिमुत्तू?" मी तुच्छतेनं हसलो. "त्याला काय कळतंय? अक्काचं घर बांधायला आपला मराठी माणूस पाहिजे!"

आपला मराठी माणूस मला मोबाइलवर सापडला. नाव मिहिर, राहणार पुणे. एका व्हिडिओत तो मातीच्या भिंतीला टेकून सांगत होता की घर बांधायचं नसतं, घर उगवू द्यायचं असतं. आजूबाजूला एसी नाही, पंखा नाही, आणि माणूस घामाचा एक थेंब न गाळता बोलतोय! मी व्हिडिओ तीन वेळा पाहिला आणि फोन लावला.

"नमस्कार. मी कुंभकोणाहून रामचंद्र राव बोलतों. आमास एक घर बांधूं होणा."

पलीकडे खिदळण्याचा आवाज.

"वॉव! काका, किती गोड! एकदम शिवकालीन! अजून काहीतरी बोला ना!"

साठी उलटलेला माणूस घराची चौकशी करतोय आणि हा त्याला पोपटासारखा बोलायला लावतोय! माझे कान तापले. त्या क्षणापासून मी मासिकातलं मराठी सुरू केलं. 'अर्थातच', 'निश्चितच', 'प्रश्नच नाही' असे शब्द मी मोत्यांसारखे उधळू लागलो. त्या नादात तो काय विचारतोय याकडे माझं लक्ष नव्हतं, आपण कसे बोलतोय याकडेच होतं.

"काका, माझ्या डिझाइनमध्ये सूर्य, वारा आणि पाऊस हे तीनच क्लायंट असतात," तो म्हणाला.

"अर्थातच!"

(म्हणजे मी क्लायंट नव्हतो. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.)

"मग पाऊस काय, आपला नेहमीचाच ना? जून ते सप्टेंबर, नैर्ऋत्येकडून?"

आपला! तीनशे वर्षांत महाराष्ट्रातल्या माणसानं आमच्या घराण्याला 'आपला' म्हटलं नव्हतं. डोळ्यांसमोर सह्याद्री उभा राहिला (मी तो पाहिलेला नाही), आणि मी छाती फुगवून म्हणालो, "निश्चितच! आपलाच! नैर्ऋत्येकडूनच!"

आता इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला.

होय, भूगोल. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पाऊस कोणत्या वाऱ्यांमुळे पडतो, हा एका गुणाचा प्रश्न दर वर्षी परीक्षेत मीच घालायचो आणि दर वर्षी लाल शाईनं मीच तपासायचो. फोन ठेवल्यावर पाच मिनिटांनी मला ते आठवलं. परत फोन करून 'चूक झाली' म्हणायला काय हरकत होती? काहीच नव्हती. पण तो पुन्हा 'किती गोड' म्हणाला असता, आणि ते मला सोसलं नसतं. शिवाय इतका शिकलेला माणूस, एकदा नकाशा उघडून पाहीलच की! त्यानं पाहिला नाही. "मी नकाशांवर नाही, स्थानिकांवर विश्वास ठेवतो," असं तो नंतर म्हणाला. आणि स्थानिक कोण, तर मी!

महिन्याभरानं मिहिर जागा पाहायला आला. खादीचा कुडता, दाढी, गळ्यात रुद्राक्ष. आल्या आल्या त्यानं चपला काढल्या. जमिनीशी थेट संवाद साधायचा म्हणून. चौथ्या पावलाला बाभळीच्या काट्यानं संवाद साधला. तो काढून झाल्यावर त्यानं मूठभर माती उचलली, हुंगली आणि चक्क जिभेला लावली.

"रामू," अक्का माझ्या कानात पुटपुटली, "पोर उपाशी आहे रे. आधी जेवायला घाल, मग जमीन दाखीव."

"काका, इथला लोकल स्टोन कुठला?" मिहिरनं विचारलं.

आमच्या कावेरीच्या गाळात चार पुरुष खोल खणलं तरी चिखलच लागतो. कुत्र्यावर भिरकावायला दगड हवा असेल तर तिरुच्चीहून मागवावा लागेल! पण मी मासिकातल्या भाषेत म्हणालो, "पाषाण येथे किंचित दुर्मीळ आहे." मग त्यानं दगडाचा नाद सोडला आणि भिंती कच्च्या मातीच्या ठरवल्या. वर चुन्याचा गिलावा आणि खाली शेणानं सारवलेली जमीन.

"सारवणार कोण?" जानकीनं विचारलं.

"सारवणं हे मेडिटेशन आहे, काकू."

"मग तुमी दर शुक्रवारी पुण्याहून येऊन मेडिटेशन करून जावा," जानकी म्हणाली. मी तिला डोळे वटारून गप्प केलं. माझ्या आयुष्यात डोळे वटारून जानकी गप्प झाल्याचा तो एकमेव प्रसंग, आणि तो मी असा वाया घालवला.

नकाशा आला. पश्चिमेला आणि दक्षिणेला जाड, आंधळ्या भिंती, त्यांवर चार-चार फूट पुढे आलेलं छप्पर. नैर्ऋत्येकडून देवांनी वज्र फेकलं असतं तरी थेंब आत आला नसता! ईशान्य बाजू मात्र मोकळी. तिथे अंगण, अंगणाला लागून देवघर, त्याला लागून अक्काची खोली, आणि दोन्हींना भिंतीऐवजी विटांची जाळी, खालपासून वरपर्यंत नुसती भोकं. "सकाळचं कोवळं ऊन, काका! घर पूर्वेकडे श्वास घेईल!" मिहिर म्हणाला. श्वास हा त्याचा आवडता शब्द होता. त्याच्या भिंती श्वास घ्यायच्या, छप्पर श्वास घ्यायचं, मोरीसुद्धा श्वास घ्यायची.

बांधकाम अर्थात मारिमुत्तूकडेच गेलं. पुण्याहून गवंडी कोण आणणार? त्यानं नकाशा एकदा सरळ धरून पाहिला, एकदा उलटा धरून पाहिला. मग डोकं खाजवलं.

"सार, मळै अंद पक्कंदान् वरुम्." म्हणजे पाऊस त्या बाजूनंच येतो, सार. आणि त्यानं जाळीकडे बोट दाखवलं.

"मारिमुत्तू," मी म्हणालो, "तू विटा रच. विचार करायला पुण्याहून माणूस आलाय."

जाळीचे दोन थर चढल्यावर त्यानं पुन्हा तोंड उघडलं. मी पुन्हा मिटवलं. मिहिर तेव्हा शेजारीच उभा होता आणि 'काय म्हणतायत ते?' असं विचारत होता. तमिळ त्याला येत नव्हतं, मला येत होतं. एका वाक्याचं भाषांतर केलं असतं तर सगळं वाचलं असतं. पण मग फोनवर मी काय बोललो होतो तेही सांगावं लागलं असतं. "तो म्हणतोय, डिझाइन फार सुंदर आहे," मी सांगितलं. मिहिरनं मारिमुत्तूला हात जोडले. मारिमुत्तूनं माझ्याकडे असं पाहिलं, की त्याच्या जागी मी असतो तर मास्तराच्या डोक्यात घमेलं घातलं असतं.

तिसऱ्यांदा तो काही बोललाच नाही. त्यानं चुन्याची पोती आणि हत्यारं ठेवायला अंगणापलीकडे एक कोट्टगै उभारली. चार बांबू, वर नारळाच्या विणलेल्या झापांचं छप्पर. ईशान्येला छप्पर पार जमिनीपर्यंत खाली ओढलेलं, दक्षिणेला मोकळं तोंड. सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण यांच्यामध्ये ती बांधून तयार झाली. मिहिरनं फोटो काढताना ती झोपडी चौकटीत येत होती म्हणून नाक मुरडलं. "काका, हे तेवढं नंतर हटवा हं. व्हिज्युअल पोल्यूशन!" मी मारिमुत्तूला लगेच हटवायला सांगितलं. तो म्हणाला, "ऐप्पसी झाली की काढतो, सार."

आवणी महिन्यात, म्हणजे ऐप्पसीच्या दोन महिने आधी, गृहप्रवेश झाला. लोक येऊन भिंतींना हात लावून गेले. अक्काच्या खोलीत खरोखरच गारवा होता, हे कबूल करायला हवं. पहिल्याच दुपारी ती आडवी झाली आणि पंधरा मिनिटं घोरली! मी दाराबाहेर उभा राहून ते घोरणं ऐकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

"आता सुंदरला नाही म्हणून कळवू?" ती उठल्यावर मी विचारलं.

"भिंत गार आहे रे," अक्का म्हणाली, "पण वारा कोठे ठेवलास? दक्षिणेचा वारा तर अस्का भिंतीबाहेर उभा आहे." (अस्का म्हणजे सगळा.) मग जाळीकडे बराच वेळ पाहून म्हणाली, "ऐप्पसी जाऊं दे. मग सांगते. सुंदर दिवाळीनंतर गाडी घेऊन येतो मणाला. एथे नीट झोपले तर तो तसाच परत जाईल."

दिवाळी कोरडी गेली. मला वाटलं, वाचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता सुंदरची गाडी दारात उभी राहिली, त्याच्या हातात कॉफीचा पेला दिला, आणि समुद्राकडून आभाळ काळं होत आलं.

आमच्याकडचा पाऊस महाराष्ट्रातल्यासारखा गडगडाट करून, कविता सुचवून येत नाही. तो सरकारी कामासारखा येतो: तिरका, न थांबता, तीन-तीन दिवस. जाळीच्या प्रत्येक भोकातून एकेक पिचकारी सुरू झाली. अक्का पलंगावर बसली होती. मी धावत जाऊन तिच्यावर छत्री धरली.

"काकू, खोलीत छत्री?" सुंदर दारात उभा राहून म्हणाला.

"हे काहीच नाही, एक सर आहे," मी म्हणालो. "डिझाइनचा भाग आहे!"

छत्री बाजूनं येणाऱ्या पावसाला काय करणार? आम्ही पलंग सरकवला. पाऊसही सरकला. पलंग पार दक्षिणेच्या आंधळ्या भिंतीला नेऊन टेकवला. तेवढ्यात अंगण तुंबलं, आणि अंगणातलं पाणी, मोकळ्या ईशान्येतून निमंत्रण असल्यासारखं, आत आलं. त्यात झेंडूची फुलं, मिहिरनं लावलेली लेमनग्रासची रोपं आणि माझी एक चप्पल होती. सारवलेली जमीन पुन्हा शेण झाली. जानकी तिच्यावरून देवघराकडे निघाली ती घसरत थेट देवासमोर पोचली, आणि समोर बेडूक पाहून किंचाळली.

"अहो! भिंत वितळते आहे!"

"वितळत नाहीये," मी ओरडलो, "श्वास घेते आहे!"

भिंतीनं एक मोठा श्वास सोडला आणि हातभर गिलावा सुंदरच्या चेन्नईच्या बुटांवर पडला.

मी पुण्याला फोन लावला. एका हातात छत्री, एका हातात फोन, घोटाभर शेणकाला.

"मिहिर! घरात पाऊस आला!"

"आत्ता? काका, आता कसला पाऊस? मान्सून तर परत गेला!" तिकडे उन्हात चिमण्या चिवचिवत होत्या, मला ऐकू येत होत्या. "म्हणजे हा अवकाळी आहे. क्लायमेट चेंज! काका, एक छोटासा व्हिडिओ पाठवाल? पुढच्या लेक्चरमध्ये दाखवीन."

मी त्याला जे बोललो ते मासिकातलं मराठी नव्हतं. ते आमच्या घरातलं, तीनशे वर्षं मुरलेलं होतं. एकही शब्द त्याला कळला नसावा, कारण शेवटी तो म्हणाला, "किती गोड!"

फोन ठेवून वळलो तर अक्का पलंगावर नव्हती. तिनं विठोबा उचलून पदरात घेतला होता, बाळकृष्ण जानकीच्या हाती दिला होता आणि पाऊस झेलत, पाणी तुडवत, ती अंगणापलीकडे निघाली होती. कुठे? कोट्टगैत! व्हिज्युअल पोल्यूशनमध्ये!

आम्ही सगळे मागून धावलो. आत मारिमुत्तू चुन्याच्या पोत्यावर बसून चहा पीत होता. घराचं काय होतंय ते पाहायला तो सकाळीच सायकलवरून आला होता. "वांग, सार," म्हणजे या सार, असं म्हणत त्यानं सरकून जागा केली. आत खडखडीत कोरडं होतं. झापांवरून पाऊस सरसरत मागे गळून जात होता आणि पुढच्या मोकळ्या तोंडातून हलका वारा खेळत होता. अक्कानं विठोबाला एका पोत्यावर बसवलं, दुसऱ्या दोन पोत्यांवर आपण आडवी झाली आणि बघता बघता घोरू लागली.

एक वाजला. दोन वाजले. सुंदर बुटांवरचा गिलावा खरवडत बसला होता. जानकी बाळकृष्णाला पदरानं पुसत होती. मी अक्काच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ही उठेल, गाडीत बसेल, आणि उद्यापासून मला 'रामू' म्हणणारं घरात कुणी नसेल. घर वितळल्याचं मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. अख्खं वितळून कावेरीत गेलं असतं तरी चाललं असतं, पण ही जायला नको होती.

अडीच वाजता तिनं डोळे उघडले.

"सुंदर, तू जेवून जा रे," ती म्हणाली. "मी एथेच राहते."

"अक्का!" मला हुंदकाच आला. "माझ्या घरात राहतेस?"

"तुझ्या घरात बेडूक राहतो. मी ह्या कोट्टगैत राहते." ती उठून बसली. "आणि मद्रासला तरी कशी जाऊं? तुला एकटा सोडला तर तू परत आणखी एक घर बांधशील!"

सुंदर हसला. जानकीही हसली. मीही हसणार होतो, पण अक्काचं अजून संपलं नव्हतं.

"पाऊस कोठून येतो हे तू त्या पोराला सांगितलं नव्हतंस?"

आता लपवून काय उपयोग? मी सगळं सांगितलं. तो हसला ते, 'आपला' म्हणाला ते, माझ्या डोळ्यांसमोर सह्याद्री उभा राहिला ते. सुंदरनं ते मारिमुत्तूला तमिळमधून सांगितलं. मग मारिमुत्तूनं चहाचा ग्लास खाली ठेवला, उभा राहिला, हाताची घडी घातली आणि वर्गात म्हणावं तसं म्हणाला:

"वडकिळक्कु परुवक्काट्रु, सार!"

ईशान्य मोसमी वारे. एक गुण.

"आठवीत सारनी मला विचारलं होतं," तो तमिळमधून अक्काला समजावू लागला, "पाऊस कुठून येतो? मी म्हणालो, वरून. सगळा वर्ग हसला. सारनी मला तासभर बाकावर उभं केलं. तेव्हापासून उत्तर विसरलो नाही."

"आणि सार विसरले?" अक्कानं विचारलं.

मारिमुत्तू भला माणूस. त्यानं चहाचा ग्लास पुन्हा उचलला.

दुसऱ्या दिवशी पावसानं जरा उसंत घेतली. मारिमुत्तू सायकलला झापांचा भारा बांधून आला. अक्काच्या खोलीची जाळी झाकायची, छप्पर कोट्टगैसारखं खाली ओढायचं आणि पाऊस संपला की दक्षिणेच्या भिंतीला खिडकी पाडायची, असा बेत अक्का आणि त्यानं मिळून ठरवला होता. मला कुणी विचारलं नाही. शिडीवर चढून तो बांधणार होता, खालून झाप वर धरायला माणूस हवा होता आणि हात पोचत नव्हता. त्यानं आसपास पाहिलं, ओसरीवरचा लाकडी बाक उचलून आणला, फडक्यानं पुसला आणि माझ्यापुढे ठेवला.

"सार, जरा बाकावर उभे राहता का?"

अक्का खुर्ची टाकून, हातात कॉफी घेऊन समोरच बसली होती. मी मुकाट्यानं बाकावर चढलो. दोन्ही हातांनी झाप डोक्यावर धरला, त्याची उतरती बाजू पाऊस येतो तिकडे वळवली आणि मारिमुत्तू बांधायला लागेल याची वाट पाहू लागलो. बराच वेळ झाला, तो काही बांधेना.

"सार," शेवटी तो शिडीवरून अदबीनं म्हणाला, "तिकडे पश्चिम आहे."